मालुंक्यपुत्ताचा उद्वेग

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकणारा विद्यार्थी दर्शनांची नावे पाठ करतो. परंतु ज्या दुःखाचे उत्तर शोधीत तो या विषयाकडे वळला, ते पुस्तकात न आढळल्याने उद्विग्न होतो. अशा वेळी त्याला मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्त ऐकविले जाते व 'बुद्धाने तत्त्वज्ञान नाकारले' असा निष्कर्ष काढला जातो. आम्हांस हा अर्थ मान्य नाही.

मालुंक्यपुत्तही उद्विग्न विद्यार्थीच होता. जग शाश्वत की अशाश्वत, जीव व शरीर एक की भिन्न, अशा दहा प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यास तो संघ सोडण्यास निघाला होता. तथागतांनी त्याचा धिक्कार करून विषय संपविला नाही. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे कळल्याविना बाण काढू न देणारा मनुष्य मरेल, असे त्यांनी दाखविले. आणि आपण काय सांगितले नाही व का सांगितले नाही, हेही स्पष्ट केले. कोणता प्रश्न दुःखनिरोधाकडे नेतो याची अशी पारख करणे हेच तत्त्वचिंतन होय.

संयुत्त निकायात हाच मालुंक्यपुत्त वृद्धापकाळी संक्षिप्त उपदेश मागतो. तेव्हा तथागतच त्याला विचारतात: जी रूपे तू कधी पाहिली नाहीस, त्यांविषयी तुला आसक्ती आहे काय? या प्रश्नापासून निघालेल्या उपदेशाने तो अर्हत होतो. प्रश्न विचारणे थांबले नाही; प्रश्न बदलला. विद्यार्थ्याला विषय सोडण्याचा नव्हे, प्रश्न पारखण्याचा धडा या सुत्तातून दिला पाहिजे.