पडलेल्या कन्सोलवर छोट्यांची चांदी? पण छेद कुठे आहे?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज रिसर्च पेपर बाजूला ठेवू आणि व्हिडिओ गेम घेऊ. गेमवाल्यांच्या जगात एक दावा नेहमी ऐकू येतो. टीव्हीला जोडायचा एखादा कन्सोल चालेनासा झाला, की मोठ्या कंपन्या काढता पाय घेतात आणि दोन-चार जणांच्या स्वतंत्र टीमला मोकळं रान मिळतं. मलाही हे पटायचं. आता अर्धंच पटतं.

निन्टेन्डोचा वी यू नोव्हेंबर 2012 मध्ये आला. त्याच्या आधीचा वी 10 कोटींवर विकला गेला होता. हा मात्र 1 कोटी 35 लाखांच्या आसपास अडकला. अडचणीतल्या कंपनीने छोट्यांसाठी दार उघडलं, हे खरं आहे. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर परवानाधारक डेव्हलपरना वी यूसाठी मोफत मिळालं, स्वतंत्र ऑफिस असण्याची अट गेली. घरच्या खोलीत काम करणाऱ्याला केवढी सोय! मग 26 जून 2014 ला 'शॉव्हेल नाइट' आला आणि पहिल्याच महिन्यात सुमारे 1 लाख 80 हजार प्रती खपल्या.

झालं, दावा सिद्ध? थांबा. हा गेम त्याच दिवशी 3डीएस आणि कॉम्प्युटरवरही आला होता. तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे. शिवाय 2013 मध्येच किकस्टार्टरवर लोकांनी त्याला 3 लाख 11 हजार डॉलर दिले होते, म्हणजे गिऱ्हाईक आधीच गोळा झालं होतं. यातलं वी यूचं श्रेय किती, ते कसं वेगळं काढणार? आणि मुख्य म्हणजे छेद. जे गेम आपटले, त्यांचे आकडे कोण जाहीर करतं? वर जिंकलेल्यांची यादी आणि खाली काहीच नाही, हा अपूर्णांक नाही. व्हायव्हात असं काही मांडलं, तर पहिला प्रश्न इथेच येईल.

मी बुलढाण्याची, त्यामुळे लोणार आठवणारच. सरोवराचं पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी की गोड्या पाण्यातले बहुतेक जीव तिथे टिकत नाहीत, पण स्पिरुलिना फोफावते. आपण पटकन म्हणतो, 'स्पर्धा नाही ना, म्हणून.' पण नुसती जागा रिकामी असून भागत नाही, त्या पाण्याला जुळणारं शरीर लागतं. आणि पाणी बदललं की? जून 2020 मध्ये पाणी कमी होऊन क्षार वाढले, तेव्हा मिठात रमणारे सूक्ष्मजीव वाढले आणि सरोवर गुलाबी झालं.

वी यूच्या पाण्याला खरोखर जुळलेला गेम म्हणजे 2015 चा 'अफोर्डेबल स्पेस अ‍ॅडव्हेंचर्स'. हातातल्या गेमपॅडची स्क्रीन इथे यानाचं कंट्रोल पॅनेल होते. आवाज, उष्णता, वीज, यातलं काहीही जास्त झालं की शत्रूची यंत्रं तुम्हाला टिपतात; म्हणून नजर टीव्हीवर ठेवून एकेक यंत्रणा बंद करत सरकायचं. माझ्या मते त्या दुसऱ्या स्क्रीनचा इतका अर्थपूर्ण वापर खुद्द निन्टेन्डोलाही क्वचितच जमला. पण 27 मार्च 2023 ला वी यूचं ऑनलाइन दुकान बंद झालं आणि फक्त वी यूवरच असलेला हा गेम नव्याने विकत घ्यायची सोय संपली. 'शॉव्हेल नाइट' आधीच दुसऱ्या कन्सोलवर गेला होता, तो अजून विकला जातो.

आता पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' बघा. 2017 मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली. 18 ऑगस्ट 2020 ला गेम आला तो आधी स्विचवर, म्हणजे 6 कोटींवर खपलेल्या, गच्च भरलेल्या कन्सोलवर, ऑक्टोबरमध्ये इतरत्र. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. चित्रं डोळ्यांत भरतात. लढाया मात्र पुढे त्याच त्या वाटतात आणि शेवट अर्ध्यात तुटतो. दावा उलटा करायला हे उदाहरण सोयीचं आहे, पण हेही एकच. मी ते पुरावा म्हणून वापरलं, तर माझीही चूक तीच.

कुणाला यावर लघुप्रबंध करायचा असेल, तर एखाद्या महिन्यात वी यूवर आलेले झाडून सगळे स्वतंत्र गेम घ्या, नाव न ऐकलेलेही. त्यातले जे इतर ठिकाणीही निघाले, त्यांची तिथली विक्री शेजारी मांडा. विक्रीचे आकडे बहुतेक कंपन्यांच्या कपाटात बंद असतात, त्यामुळे डेव्हलपरना थेट मेल करावे लागतील. सहा महिने यातच जातील, सिनॉप्सिसमध्ये तसं लिहा.