कारंज्याची भांडारे आणि आपले संशोधन

यवतमाळ जिल्ह्याच्या वेशीजवळील कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आणि पोथीभांडारे आहेत. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने ती अभ्यासकांपुढे आली. पुष्पदंताची दहाव्या शतकातील अपभ्रंश काव्ये, ‘जसहरचरिउ’ (१९३१, संपा. प. ल. वैद्य) व ‘णायकुमारचरिउ’ (१९३३, संपा. हिरालाल जैन), कारंजा येथूनच प्रसिद्ध झाली.

या संपादनांचे मोल निर्विवाद होय. तथापि भांडार म्हणजे केवळ पाठांची खाण, ही पुढे रूढ झालेली दृष्टी आम्हांस अपुरी वाटते. पोथी कोणी, कोणासाठी, कोणत्या निमित्ताने लिहविली हे सांगणारी प्रशस्ती ही पुरवणी नव्हे. समाजाच्या ज्ञानजीवनाचा तो मुख्य पुरावा आहे. ग्रंथ कुलुपाने टिकत नाही. पुन:पुन्हा उतरवून घेणाऱ्यांमुळे टिकतो.

बौद्ध अभ्यासकांस हे विशेष बोचावे. कान्हेरीच्या शके ७६५ (इ. स. ८४३) च्या शिलालेखात भिक्षूंच्या वस्त्रांबरोबर ग्रंथांसाठीही दान नोंदले आहे. दानाचा लेख उरला, पोथ्या मात्र आपल्या हाती नाहीत. म्हणून पाठाइतकाच पोथीच्या वाटचालीचाही अभ्यास व्हावयास हवा.