बंदुकीवरचा जीव : शिकारकथेच्या खरेपणाची एक कसोटी

गोंदिया जिल्ह्याने मराठी अरण्यलेखनाला दोन ठिकाणे दिली : नागझिरा आणि नवेगावबांध. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे नवेगावबांधच्या तळ्याकाठचे लेखन ज्याने वाचले आहे, त्याला ही दोन्ही ठिकाणे न पाहताही ओळखीची वाटतात. या लेखनात पाणवठे आहेत, पायवाटा आहेत, पाखरांची नावे आहेत. बंदूक मात्र जवळजवळ नाही. मराठीत जिथे ती आहे, म्हणजे जुन्या शिकारकथांत आणि घराघरांतल्या आठवणींत, तिथेही ती बहुधा बिननावाची आहे. आजोबांनी बंदूक उचलली, बार काढला, वाघ कोसळला, एवढेच आपल्याला कळते. बंदूक ठासणीची होती की काडतुसाची, एकनळी की दुनळी, दुसरा बार काढायला किती वेळ लागत असे, याबद्दल कथा गप्प असते.

इंग्रजीत लिहिणाऱ्या शिकारी लेखकांचे याच्या अगदी उलट आहे. रायफल कोणत्या कारखान्याची, किती बोअरची आणि हातात कशी बसते, हे ते न विचारता सांगतात. मराठी वाचक हे तपशील बऱ्याचदा भराभर ओलांडून पुढे जातो. शिकाऱ्याची हौस म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे की शिकारकथेचा खरेपणा तपासायची सर्वांत चांगली जागा हीच आहे. जो लेखक आपल्या बंदुकीच्या मर्यादा सांगतो, त्याने सांगितलेल्या भीतीवर आणि धैर्यावर विश्वास ठेवता येतो. ही कसोटी लावून पाहण्यासाठी मी कडीच्या रायफली निवडल्या आहेत. त्यांच्या मालकांचे त्यांच्यावरचे प्रेम जगभर प्रसिद्ध आहे. शिवाय अनुवादांतून मराठी वाचकाच्या घरचेच झालेले दोन शिकारी लेखक, जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन, या दोघांच्याही हाती अशी रायफल होती.

कडी म्हणजे काय

इंग्रजीत तिला ‘लिव्हर’ म्हणतात. चापाभोवतीचे लोखंडी कडे आणि हाताच्या पकडीखालचा दांडा हे एकसंध असतात. कडी खाली ओढली की वापरलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. कडी परत वर आणली की नवे काडतूस नळीत बसते. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने १८६६ आणि १८७३ साली अशा रायफली बाजारात आणल्या. पुढे जॉन ब्राउनिंगने याच कंपनीसाठी १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ची मॉडेले घडवली. ब्रिटिश लष्कराने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री हीसुद्धा कडीचीच; पण तिच्यात साठा नव्हता. प्रत्येक काडतूस हाताने घालावे लागे.

म्हणजे या रायफलीत दर बारामागे हाताचे एक काम असते. ते सरावाने बिनबोभाट होते, खांद्यावरून रायफल न उतरवता आणि नजर न हलवता करता येते, पण ते करावेच लागते. मालकांचे प्रेम जडते ते बरेचसे या कामामुळे. यंत्र आपोआप काही करत नाही आणि हाताला त्याची लय पाठ होते. जात्याचा खुंटा किंवा रहाटाचा दोर रोज हाताळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

कॉर्बेटची उसनी मार्टिनी

कॉर्बेटच्या ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात त्याच्या बालपणीची दोन हत्यारे आहेत. पहिली ठासणीची दुनळी. तिची एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने आवळलेला. दुसरी .४५० बोअरची मार्टिनी. नैनितालच्या कॅडेट तुकडीतल्या सार्जंट मेजरने ती दहा वर्षांच्या मुलाला वापरायला दिली. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची, एवढीच अट होती. पहिला बिबट्या त्याने याच रायफलीने मारला.

या प्रकरणांत शौर्यापेक्षा हिशेब जास्त आहे. एका नळीच्या बंदुकीत दुसरा बार नाही, मार्टिनीत दुसरे काडतूस खिशातून काढावे लागते; म्हणून जवळ जायचे, वाट पाहायची, नेम पक्का असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पुढे ‘कुमाऊँचे नरभक्षक’मधला जो संयमी कॉर्बेट आपल्याला भेटतो, तो या गरिबीत घडला आहे. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीनंतर त्याला बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी रायफल आज जास्त प्रसिद्ध आहे. पण त्याचे गद्य समजून घ्यायचे तर तारेने बांधलेली दुनळी आणि उसनी मार्टिनी यांच्याकडेच जावे लागते.

अँडरसनची .४०५

बंगळूरचा केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) याने आयुष्यभर एका रायफलीवर जीव लावला : विंचेस्टरचे १८९५चे मॉडेल, बोअर .४०५. जुन्या विंचेस्टरांत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकापुढे एक झोपवलेली असत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळण्याचा त्यात धोका असे. ब्राउनिंगने या मॉडेलात चापापुढे पेटीवजा साठा दिला, त्यामुळे लष्करी ताकदीची काडतुसेही तिच्यात चालू लागली. पहिल्या महायुद्धात रशियाने अशा जवळजवळ तीन लाख रायफली घेतल्या. .४०५ बोअर १९०४ साली आला. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीला गेला तेव्हा हीच रायफल घेऊन गेला आणि आपल्या पुस्तकात त्याने तिची भरभरून स्तुती केली.

अँडरसन ना राजा होता ना बडा अंमलदार. विमानांच्या कारखान्यात नोकरी करून तो रजेत जंगलात जाई. संस्थानिकांकडच्या लंडनी दुनळी रायफलीची किंमत अशा माणसाच्या आवाक्याबाहेरची. कारखान्यात हजारोंनी बनणाऱ्या विंचेस्टरने त्याला दोनाऐवजी चार-पाच बार दिले. मचाणावर, रात्री, रायफलीला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात, पहिली गोळी चुकली तर नजर न काढता कडी मारता येणे, हे त्याच्या कथांतले फार मोठे आश्वासन आहे.

त्याच्या काही कथांच्या खरेपणाबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. त्याच्या लेखनात भुतेखेते आणि योगायोग पुष्कळ आहेत, हे खरे. आपली कसोटी इथे कामी येते. ज्या पानांवर .४०५ हातात आहे, बार चुकतो, जखमी जनावर निसटते आणि दुसऱ्या दिवशी रक्ताच्या थेंबांमागे जायची पाळी येते, ती पाने घट्ट आहेत. जिथे हत्यार कथेतून नाहीसे होते आणि केवळ थरार उरतो, तिथे वाचकाने सावध व्हावे.

मिरवण्याची वस्तू

बंदुकीवरच्या प्रेमाची दुसरीही जात आहे. विंचेस्टर कंपनीने कारखान्यातल्या सर्वांत नेमक्या नळ्या निवडून ‘हजारात एक’ अशा नावाने काही रायफली जादा दराने विकल्या. १८७३च्या मॉडेलात अशा सव्वाशेच्या आसपासच निघाल्या. अँथनी मानच्या ‘विंचेस्टर ’७३’ (१९५०) या चित्रपटात अशीच एक रायफल नेमबाजीच्या स्पर्धेत जिंकली जाते, लुटली जाते, हातोहात फिरते, आणि मधल्या काळात ती बळकावणारे एकेक करून मरतात. चित्रपटाला हत्याराचा मोह आहे आणि त्या मोहाची लाजही आहे. अँडरसन रायफलीवर विसंबून असतो; या चित्रपटातली माणसे ती मिळवायला धडपडतात. समीक्षकाने या दोन भावना एकाच ‘शस्त्रप्रेमा’च्या खात्यात टाकू नयेत.

मध्य प्रांत आणि बुलदेव

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात होता. उत्तरेच्या सातपुड्यावर कॅप्टन जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली प्रसिद्ध झाले. या फोर्सिथने रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. बालाघाटपलीकडच्या सिवनीत किपलिंगने मोगलीला जन्म दिला. त्या ‘जंगल बुक’मध्ये (१८९४) आपल्या कामाचे एक पात्र आहे : गावशिकारी बुलदेव. त्याच्याकडे जुनी टॉवर बंदूक आहे आणि तोंडात लांबलचक बाता. लंगडा शेरखान म्हणजे मेलेल्या सावकाराचे भूत, असे तो गावाला ठासून सांगतो.

किपलिंगने बुलदेवाची टर उडवली आहे. पण त्याचा गोरा समकालीन नव्या कडीच्या रायफलीत काडतुसे भरत होता, तेव्हा बुलदेवाच्या हाती लष्कराने टाकून दिलेली बंदूक होती. १८७८च्या हत्यार कायद्याने परवाना सक्तीचा केला होता. एका बारानंतर दारू ठासायला लागणारा वेळ त्याला वाघाने दिला नसता. भुताची गोष्ट ही त्या वेळाची भरपाई आहे. किपलिंगला बंदुकीचे नाव ठाऊक होते; तिचा अर्थ त्याने वाचला नाही.

परवान्याचे मोल

मराठी कथेत बंदूक बिननावाची का राहिली, याचे उत्तर मला इथेच दिसते. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली भरमार किंवा एकनळी ही कुणी निवडून घेतलेली वस्तू क्वचितच असे. मिळाली ती घेतली. मोल होते परवान्याला. बाप गेल्यावर मुलाच्या नावे परवाना होणे ही घराण्याची पत असे. म्हणून घरात बंदुकीपेक्षा परवान्याची गोष्ट जास्त तपशीलवार सांगितली जाते : कोणत्या साली मिळाला, कोणत्या साहेबाची सही होती. खंडेनवमीला तेल-कुंकू लागते ते लोखंडाला; जपला जातो तो कागद.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले होते, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यात बंदूक या शब्दाला वेगळाच, जड अर्थ आला. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा होतात. २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. जुन्या बंदुका जात आहेत, आणि त्या जाव्यात याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार समीक्षेबद्दल आहे. आपण अरण्यलेखनाला शिकारकथेचा शुद्ध विरोधक मानून बसलो. माडगूळकरांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. ‘नागझिरा’तली वाऱ्याची दिशा ओळखण्याची, निश्चल बसण्याची, माग काढण्याची रीत ही शिकाऱ्याचीच रीत आहे, हातातले हत्यार तेवढे बदलले. याच निरीक्षणातून पुढे ‘सत्तांतर’मधली वानरे आली. चितमपल्लींच्या लेखनातली कितीतरी माहिती गोंड, ढीवर, पारधी यांच्याकडून, म्हणजे जाळे, फासा आणि बंदूक यांवर पोट असलेल्यांकडून आलेली आहे. हत्यार खाली ठेवण्याचे मोल त्यालाच कळते, ज्याला ते किती आवडत होते हे माहीत आहे. ते आवडणेच पुसून टाकले तर त्यागही पोकळ होतो.

म्हणून मराठी शिकारीच्या आठवणी संकलित करणाऱ्यांना एक विनंती. आजोबांच्या वाघाची लांबी विचारण्याआधी त्यांची बंदूक कोणती होती, दुसरा बार काढायला किती वेळ लागे आणि तेवढ्या वेळात ते काय करत, हे विचारावे. उत्तर देणारी पिढी आता थोडी उरली आहे. वाघाच्या लांबीत अतिशयोक्ती सहज मावते. दारू ठासायला लागणाऱ्या वेळात ती मावत नाही.