ठराव की आरती?

गद्याचे पाठांतर ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. आपली परंपरा पाठांतराची खरी, पण ते पाठांतर पद्याचे आणि आकड्यांचे. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. पण भुजंगप्रयाताची चाल एकदा जिभेवर बसली की पुढचा चरण आपण होऊन वाट काढीत येतो. पावकी, निमकी, दीडकी यांनाही एक ठेका असतो आणि चुकलेला आकडा त्या ठेक्यातच खटकतो. हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला अक्षरओळख नसली तरी चालत असे, कारण अभंगाचा घाट तिचा हात धरून तिला पुढे नेत असे. गद्याचा हात धरणारे असे कोणी नसते. ते अर्थाच्या आधाराने पाठ होते, आणि अर्थ सुटला की नुसत्या आवाजाला लटकून राहते. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे आपल्या शाळांतून आज जे वाचन चालते, त्याच्याकडे मी या दृष्टीने, म्हणजे गद्याच्या एका तुकड्याकडे पाहावे तसे, पाहणार आहे. राज्यशास्त्र मी शिकलेलो नाही. मॅट्रिक झालो, चित्रकलाशिक्षकाची पदविका घेतली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. एवढ्या भांडवलावर निदान वाक्याविषयी बोलता यावे.

महाराष्ट्रात शाळांनी परिपाठाच्या वेळी उद्देशिका वाचावी असा शासननिर्णय २०१३ मध्येच निघाला होता. तो बहुतेक कागदावरच राहिला. जानेवारी २०२० मध्ये पुन्हा परिपत्रक निघाले आणि त्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून वाचन सक्तीचे झाले. त्याच सुमारास, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२० च्या जानेवारीत, देशातल्या कितीतरी शहरांत नागरिकत्वाच्या दुरुस्त कायद्याला विरोध करणाऱ्या सभांतून लोक हीच उद्देशिका मोठ्याने वाचीत होते. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाविषयी येथे मला काही म्हणायचे नाही. मला दिसते ते एवढेच की, रस्त्यात उभा राहून जो माणूस ते वाक्य उच्चारतो त्याला त्या क्षणी त्या वाक्याची गरज असते. ते त्याचे स्वतःचे बोलणे होते. शाळेच्या पटांगणात तेच वाक्य राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा यांच्यानंतर व सुविचार आणि दिनविशेष यांच्या आधी येते, आणि म्हणणाऱ्यांपैकी कोणालाच त्या वेळी त्याची गरज नसते. सकाळचे ऊन डोळ्यांवर येत असते एवढेच.

प्रतिज्ञेची गोष्ट निराळी आहे. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ मध्ये विशाखापट्टणम येथे लिहिली, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे मुले होती. लहान लहान वाक्ये, एकवचनी प्रथमपुरुष, प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट. ती समूहाने म्हणण्यासाठीच घडलेली आहे. उद्देशिका अशी घडलेली नाही. ती एकच वाक्य आहे. पुन्हा मोजून पाहा: आरंभापासून तारखेपर्यंत आणि तारखेपासून शेवटच्या क्रियापदापर्यंत पूर्णविराम एकच.

इंग्रजीत या वाक्याची रचना सोपी आहे. 'आम्ही लोक' असे म्हटल्याबरोबर आम्ही निर्धार केला आहे हे सांगून टाकलेले आहे. मग कशाकशाचा निर्धार, ते निवांतपणे उलगडत जाते. न्याय, स्वातंत्र्य, समानता हे शब्द आपापल्या गटाच्या तोंडाशी ठळक अक्षरांत उभे आहेत आणि त्यांचे तपशील मागून येतात. मराठीचा स्वभाव उलट. आपले क्रियापद शेवटी येणार आणि विशेषणे आधी येणार. तेव्हा मराठी उद्देशिकेत 'घडविण्याचा', 'प्राप्त करून देण्याचा' आणि 'प्रवर्धित करण्याचा' अशी तीन लोंबती पदे एकामागून एक येतात आणि ज्या 'निर्धार' या खुंटीवर ती तिन्ही टांगायची ती खुंटी अगदी दाराजवळ सापडते. तोपर्यंत म्हणणाऱ्याने तिन्ही ओझी हातात धरून चालायचे. प्रौढ वाचकाला हे जमते. दोनशे मुलांच्या घोळक्याला कसे जमावे? मुले मग काय करतात? पुस्तकात जेथे ओळ तुटते तेथे थांबतात. 'न्याय' हा शब्द लांबवतात, 'स्वातंत्र्य' लांबवतात, 'समानता' लांबवतात, आणि गद्याला एक खोटे वृत्त चढवतात. कान देऊन ऐका, ती चाल आरतीची आहे.

शब्दांविषयीही थोडे बोलले पाहिजे. राजकीय न्यायाला मराठी उद्देशिकेत 'राजनैतिक' न्याय म्हटले आहे. मराठीत राजनैतिक संबंध असतात ते दोन देशांच्या वकिलातींचे. गावच्या निवडणुकीत आपल्याला मत देऊ दिले नाही तर आपण त्याला राजकीय अन्याय म्हणू. हिंदी पाठात पंथनिरपेक्ष म्हटले आहे तेथे मराठीत धर्मनिरपेक्ष म्हटले. म्हणजे हिंदीचा शब्द जसाच्या तसा घ्यायलाच हवा होता असेही नाही. 'प्रवर्धित' तर मी अन्यत्र कोठे वाचलेला आठवत नाही. शेवटाकडे 'स्वतःप्रत' असे एक जुने वळण आहे. आठवीच्या वर्गावर मला मोकळ्या तासाला पाठवतात. तेथे एकदा मी याचा अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला, "सर, प्रत म्हणजे कॉपी. प्रत्येकाला आपापली प्रत दिली." वर्ग हसला. मला मात्र तो अर्थ अगदीच टाकाऊ वाटला नाही. 'संधीची समानता' याचा अर्थ विचारला तेव्हा एका मुलीने विद्या आणि आलय मिळून विद्यालय होते, ती संधी, असे उत्तर दिले. तीन वर्षे रोज सकाळी ती हे शब्द म्हणत आली होती. तिने व्याकरण चांगले केले होते, यात शंका नाही.

पण मला सर्वांत विचार करायला लावला तो पहिल्याच शब्दाने. इंग्रजीत 'वी' आणि हिंदीत 'हम' एवढेच आहे. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो. 'आम्ही जत्रेला जाणार' म्हटले की ऐकणाऱ्याचे तोंड उतरते. 'आपण जत्रेला जाऊ' म्हटले की तो चप्पल शोधू लागतो. उद्देशिका 'आम्ही'ने सुरू होते. मग ऐकणारा कोण? बाहेर कोण उभे आहे? त्यात 'लोक' हा शब्द. मराठीत 'लोक काय म्हणतील' असे आपण म्हणतो तेव्हा त्या लोकांत आपण स्वतः कधीच नसतो. भाषांतरकाराला मी दोष देत नाही. 'आपण' घातला असता तर ते वाक्य जाहीरनाम्याऐवजी आवाहनासारखे वाटले असते, आणि ज्यांनी ते स्वीकारले त्यांना आवाहन करायचे नव्हते. ते काम करून मोकळे होत होते. उद्देशिकेला वर्तमानपत्रे अजूनही सरनामा म्हणतात. सरनामा हा पत्राचा असतो, आणि पत्र कोणी कोणास लिहिले ते त्यावरून कळते. १९४९ च्या सभेने लिहिलेले हे पत्र आहे. मुलांना ते मिळालेले आहे. मिळालेले पत्र आपणच लिहिले असे रोज मोठ्याने म्हणवून घेण्याने ते आपले होईल काय?

त्या सभेतले काम कसे झाले हे आम्ही मुलांना सांगत नाही, याचे मला फार नवल वाटते. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि तो २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. त्यात बंधुता हा शब्द नव्हता. तो आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घातला. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिका सभेपुढे आली तेव्हा तिच्यावर दुरुस्त्यांचा पाऊस पडला. हरि विष्णु कामत यांचे म्हणणे असे की, ईश्वराच्या नावाने असा तिचा आरंभ व्हावा. कोणी म्हणाले, गांधींचे नाव घाला. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवले की ईश्वराला मतदानाच्या पेटीत घालू नका. हृदयनाथ कुंझरूंनी सांगितले की असे करणे श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी विसंगत होईल. कामत हटले नाहीत. हात मोजले गेले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वराचे नाव गळले. हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला नाटकी म्हटले असते. आणि इतक्या हातघाईतून निघालेले वाक्य आज आम्ही कोठे नेऊन ठेवले? प्रार्थनेच्या रांगेत. ज्या वाक्यात ईश्वराचे नाव येऊ द्यायचे की नाही यावर मते मोजली, ते वाक्य आज मुले डोळे मिटून म्हणतात. काही तर हातही जोडतात. ठरावाची आम्ही आरती केली.

आणखी एक गंमत. वाक्यात 'आज' आहे आणि पुढे २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख आहे. पण समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता हे शब्द त्या दिवशी त्यात नव्हते. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. त्यांना हरकत घेणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळले, तेव्हा ते तेथे राहणार आहेत. ते राहावेत असेच मला वाटते. चित्रकलेच्या तासाला मी मूळ प्रतीतल्या त्या पानाचे छायाचित्र मुलांना दाखवतो. भोवतालची वेलबुट्टी शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेल्या ब्योहार राममनोहर सिन्हा यांची आणि अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे. ज्यांना इंग्रजी वाचता येते ती मुले चटकन म्हणतात, "सर, दोन शब्द कमी आहेत." रोजच्या घोषात जे कानांना कळले नाही ते डोळ्यांना एका मिनिटात कळते, आणि मग प्रश्न सुरू होतात: कोणी घातले, केव्हा, विचारले का कोणाला. हे प्रश्न पटांगणात कोण विचारू देईल?

इतिहास शिकवणारे आमचे एक सहकारी या बाबतीत माझ्याशी वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे: "पाढे तुम्ही समजून पाठ केले होते काय? शब्द आधी आत जाऊ द्या. विसाव्या वर्षी पोलिसांच्या चौकीत उभे राहायची पाळी आली की तेच शब्द बाहेर येतील." या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या घरात संविधानाचे नाव कोणी घेतले नव्हते अशा कितीतरी मुलांच्या कानांवर ते प्रथम परिपाठातच पडले. पण पाढ्याचा उपयोग त्याच दिवशी दुकानात होतो. पाठ केलेले सात सत्ते एकोणपन्नास वाण्याच्या हिशोबाशी ताडून पाहता येते. न्याय आणि समानता यांचा हिशोब मुलांनी ताडून पाहिला तर तो जुळत नाही, आणि न जुळलेला हिशोब पुढे आला तर त्याचे काय करायचे हे आम्ही ठरवलेले नाही.

आमचा भाग ऊसतोडीचा आहे. दिवाळी आटोपली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ज्यांची सोय झाली ती पोरे राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात. फाल्गुन उलटला की परत येतात. जूनपासून दिवाळीपर्यंत या मुलांनी दर्जाची आणि संधीची समानता इतरांइतक्याच खणखणीत आवाजात म्हटलेली असते. त्यांच्यापैकी एकाने, रांगेतून बाहेर येऊन, हे आम्हाला केव्हा मिळणार असे विचारले, तर तो परिपाठाचा बेशिस्तपणा ठरेल. सरनाम्याचे खरे वाचन मात्र त्यानेच केलेले असेल.

सक्तीविषयी एक शब्द. जुलै १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, असा त्या निकालाचा भावार्थ. तो खटला गीताचा होता, उद्देशिकेचा नव्हे. पण ज्या मजकुरात अभिव्यक्ती, विश्वास आणि श्रद्धा यांची ग्वाही आहे तो म्हणायला लावताना तरी आम्हाला त्या तीन मुलांची आठवण हवी. आमच्या शाळेत ओठ न हलवणाऱ्या मुलाला पुढे बोलावून एकट्याने म्हणायला लावतात. गंमत अशी की, एकट्याने म्हणणे हीच वाचनाची खरी रीत. ती आम्ही शिक्षा म्हणून वापरतो.

माझे म्हणणे उद्देशिका शाळेतून काढा असे मुळीच नाही. रोजचा घोष बंद करावा. २६ नोव्हेंबर हा २०१५ पासून देशभर संविधान दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी कोणा एका मुलीने ती एकटीने, सावकाश, क्रियापदापर्यंत पोहोचण्याइतका श्वास राखून वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. मग वर्गात जाऊन तिचा अन्वय लावावा. निर्धार कोणी केला, कशाकशाचा केला, अर्पण कोणी कोणास केले, हे फळ्यावर मांडावे. त्यानंतर कामतांची दुरुस्ती वाचावी, दोन्ही बाजूंनी मुलांना बोलू द्यावे आणि हात मोजावेत. आठवीच्या वर्गात मी 'राजनैतिक'च्या जागी 'राजकीय' घालावा काय यावर मते घेतली होती. दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर झाली, आणि विरुद्ध मत देणाऱ्या मुलीने वह्यांतून खाडाखोड करण्याला साफ नकार दिला. एवढ्याला दोन तास पुरतात. वेळापत्रकात जागा नाही असे मुख्याध्यापक म्हणतील, तर चित्रकलेचे दोन तास द्यायला मी तयार आहे.