बास्केटखालचा मल्लखांब

इथे न्यू जर्सीत आमचा मल्लखांबाचा वर्ग शनिवारी सकाळी एका शाळेच्या जिममध्ये भरतो. लाकडी फरशीत खांब पुरायची सोय नाही, म्हणून तो लोखंडी बैठकीवर उभा करतात. तोही नेमका बास्केटबॉलच्या रिंगखाली. त्या जागेशी माझी जुनी ओळख आहे. अमरावतीला कॉलेजात तीन वर्षं मी फॉरवर्ड होतो आणि त्याच पट्ट्यात कोपरं खाल्ली.

नांदगाव पेठेहून अमरावती एसटीनं जवळच. गावात कबड्डीची माती होती, रिंग नव्हती. बॉल हाती आला तो थेट कॉलेजात, उशिरानंच. उंचीही फार नाही. पहिल्याच आठवड्यात सर ओरडले, "अबे, उडी मंग मार, पह्यले जागा धर!" रिबाउंडची अर्धी विद्या एवढ्यात आली. बॉल रिंगवर आदळायच्या आत समोरच्याला पाठीवर घ्यायचं, पाय फाकवायचे, कंबर खाली. मग तो सहा फुटी असला तरी मागेच राहतो. गुण दुसऱ्यांच्या नावावर लागायचे, निळे डाग माझ्या बरगड्यांवर. विद्यापीठाच्या संघनिवडीत शेवटच्या दिवशी गळालो. कारकीर्द एवढीच!

सराव संपला की सायकल काढून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे जायचो, मल्लखांब बघायला. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेली ही संस्था. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाची तुकडी बर्लिनला गेली आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. मला गंमत वाटते ती पुढची. बास्केटबॉलला ऑलिम्पिकमध्ये पदकाचा मान मिळाला तो त्याच बर्लिनमध्ये. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढणारे जेम्स नेस्मिथ स्वतः तिथं हजर होते. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चिखलात बॉलचा टप्पा पडेना आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. एकोणीस! आमच्या कॉलेजचा पहिला डावसुद्धा कधीकधी यापेक्षा मोठा व्हायचा.

अमेरिकेत मल्लखांब रुजवण्यात न्यू जर्सीच्या चिन्मय पाटणकरांचा वाटा मोठा आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे देशोदेशी जाऊन शिकवत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली विश्व मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा पंधरा देशांचे खेळाडू उतरले होते. स्मरणिकेत आपण अशा वेळी 'संस्कृतीचं जतन' वगैरे लिहितो. पोरं काही त्यासाठी येत नाहीत. उलटं लटकायला मिळतं, आणि आईबाप ओरडण्याऐवजी टाळ्या वाजवतात, म्हणून येतात. येईनात का!

वर्गातली एक मुलगी तिच्या शाळेच्या संघात फॉरवर्ड खेळते. खांबावर एरंडेल चोळलेलं असतं. नवखा हातांनी आवळतो आणि सरकन खाली येतो. ही दसरंग करताना पाय वर टाकून मांड्यांची अशी अढी घालते, की हात सुटले तरी अंग जागचं हलत नाही. खांब धरायचा तो मांडीनं, हे तिला कुणी फारसं सांगावं लागलं नाही. मागं अंगावर रेलणाऱ्या पोरींना रोखून तिची कंबर आधीच तयार झाली असणार, असा माझा अंदाज.

तिची तक्रार एकच. "काका, तेलानं बॉल सटकतो." म्हणून वर्ग संपला की ती साबणानं कोपरापर्यंत हात धुते, मग गुडघ्यावर बसून फरशीवरचे तेलाचे थेंब जुन्या टॉवेलनं पुसते. अकराला बास्केटबॉलवाले येतात. आम्ही चौघं मिळून खांब भिंतीकडे सरकवतो. तेवढ्यात कुणीतरी टाकलेला पहिला बॉल रिंगच्या कडेवर आदळतो, आणि खांब हातात असतानाच माझे पाय आपोआप फाकतात.