गायतोंडे, वासुदेव संतू
(२ नोव्हेंबर १९२४–१० ऑगस्ट २००१). अप्रतिरूप शैलीचे श्रेष्ठ भारतीय चित्रकार. जन्म नागपूरचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका (१९४८). त्यांच्या आरंभीच्या जलरंगचित्रांवर पाउल क्ले याची छाया आहे. रेषा मोहक, पण अद्याप काही सांगू पाहणारी. १९८४ मधील अपघातानंतर मोठी तैलचित्रे काही काळ थांबली आणि कागदावर शाईची छोटी चित्रे आली. त्यांना तडजोड समजणे अन्यायाचे होईल. तैलचित्रांत प्रकाश रंगथरांखालून झिरपतो. येथे तो कोऱ्या कागदाचाच, आणि उमटलेली खूण खोडण्याची सोय नाही. ‘अंतर्मनातील निसर्गदृश्ये’ हे वर्णनही त्यांना अपुरे पडते. क्षितिजाचा भास १९६०नंतरच्या तैलचित्रांत होतो. येथे उरतात त्या लिपीसारख्या, तरीही वाचता न येणाऱ्या खुणा.