वर्गणीचे दोन अर्थ

पेण तालुक्यातील हमरापूर येथे गणेशमूर्तींचा व्यवसाय चालतो. एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात. रंगकाम व डोळ्यांची आखणी मात्र प्रत्येक मूर्तीस नव्याने करावी लागते. विनानफा तत्त्वावर सॉफ्टवेअर घडविणाऱ्या संस्थांच्या अर्थव्यवहाराचा विचार करताना साचा व आखणी यांतील हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. प्रणालीची प्रत काढण्यास खर्च जवळजवळ नाही. तिची देखभाल, साठवण व शिक्षण यांस नित्य श्रम लागतात. वर्गणी आकारावयाची ती ह्या श्रमांवर.

परंतु ‘वर्गणी’ हा शब्दच मराठीत द्व्यर्थी आहे. गणेशोत्सवाची वर्गणी देणारा मोबदला मागत नाही. मासिकाचा वर्गणीदार अंक न आल्यास तक्रार करतो. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे संस्थेचे धोरण डळमळते.

मोझिला प्रतिष्ठानाचे (स्थापना २००३) उदाहरण बोलके आहे. त्याच्या मालकीच्या कंपनीने २०२० मध्ये सशुल्क व्हीपीएन सेवा काढली. तिचे सर्व्हर-जाळे मुलवाड ह्या स्वीडिश कंपनीचे. म्हणजे आखणी परक्या हातची, आणि तीही दुसऱ्याच मूर्तीची! त्या सेवेच्या उपयोगाने फायरफॉक्सची घडण सुधारत नाही. २०१७ मध्ये विकत घेतलेले ‘पॉकेट’ सशुल्क आवृत्तीसह २०२५ मध्ये बंद झाले. मोझिलाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार राहिला तो गूगलशी झालेला शोधयंत्राचा करार, म्हणजे ज्याच्या ब्राउझरशी स्पर्धा त्याचाच आश्रय.

ॲम्स्टरडॅमच्या ब्लेंडर प्रतिष्ठानाची वाट निराळी. २००२ मध्ये सुमारे सात आठवड्यांत लोकांकडून १ लाख युरो जमवून त्याने त्रिमितीय चित्रणाची ही प्रणाली मुक्त केली. त्याच्याशी संलग्न संस्थेने २०१४ मध्ये ‘ब्लेंडर क्लाउड’ (पुढे ‘ब्लेंडर स्टुडिओ’) ही वर्गणीसेवा आरंभिली. वर्गणीदारास पाठ व लघुपटांची मूळ सामग्री मिळते. ते लघुपट करताना प्रणालीतील उणिवा उघड होतात व दुरुस्त होतात. न देणाऱ्याची प्रणाली देणाऱ्याच्या प्रणालीहून उणी नसते, हे येथे विशेष मोलाचे. अन्यथा लोकहिताचा हेतूच ढासळला असता.

तथापि ब्लेंडरचा संसार केवळ ह्या सेवेवर चालतो, असे मात्र नव्हे. तिच्या विकासनिधीत व्यक्तींबरोबर मोठमोठ्या कंपन्याही भर घालतात. २०१९ मध्ये एपिक गेम्सने घोषित केलेले १२ लाख डॉलरचे अनुदान मासिकाच्या नव्हे, उत्सवाच्या वर्गणीत मोडते.